पाचवं ठिकाण

उदगीर, ६ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,
शरणु शरणार्थी.

बोरवंडीच्या अलीकडचा पूल कालपासून खणून ठेवला आहे आणि बस थांबते त्या फाट्यापुढे रिक्षाही जात नाही, असं आगारातल्या शंकरप्पाने आज सकाळी सांगितलं. फाट्यापासून पुढे अडीच किलोमीटर चालणं तुझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही. तेव्हा या खेपेला अव्वाच्या समाधीकडे जाणं होईल असं दिसत नाही. तू नांदेडहून आईला भेटायच्या आशेने निघायचीस, म्हणून हे आधीच कळवतो.

बाकी तू चार दिवस येतेस म्हटल्यावर मी बेत आखून ठेवला आहे. पहिल्या दिवशी किल्ला. सकाळी जाऊ, उन्हाच्या आत. दरीच्या टोकावरून खाली पाहिलं की गाव पाठीमागे आहे हे विसरायला होतं. आत उदागीर महाराजांची समाधी आहे, जमिनीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. तू वर बस, मी तुझ्या वतीने नमस्कार करून येईन. दुसऱ्या दिवशी हत्तीबेट. एका टेकडीच्या कातळात खोदलेल्या खोल्या आणि मूर्ती. लहानपणी आपण बैलगाडीतून गेलो होतो आणि तू तिथल्या दगडी हत्तीला गूळ चारायचा हट्ट धरला होतास. तिसऱ्या दिवशी देगलूरच्या पुढे होट्टलला, जुन्या देवळांना. दगडातल्या बायकांच्या अंगावरचे दागिने मोजत बसलं तरी दिवस पुरायचा नाही. चौथ्या दिवशी विश्रांती, चौबाऱ्यात एक फेरी, मोंढ्यातून तूरडाळ घेऊ आणि तुला बसमध्ये बसवून देतो.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र फोन जवळ आणला की शिट्टी घालतं, आणि मी नुसतं हूं हूं करतो असं तूच म्हणतेस. पत्र बरं. गोळ्या बरोबर आण.

तुझा,
मल्लिनाथ

—

नांदेड, १३ नोव्हेंबर

चि. मल्लू,
आशीर्वाद.

चार दिवसांचा बेत वाचला. मी काय शाळेची सहल आहे का? किल्ला, बेट, देवळं, डाळ. दुसऱ्यांची सगळी ठिकाणं आहेत, आपलं तेवढं नाही. तू तीस वर्षं पेपरात बातम्या दिल्यास, त्यामुळे पहिल्या ओळीत नको ती बातमी सांगून मोकळं व्हायची तुला सवय आहे. मला मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे.

आता माझी बातमी ऐक. हृदयाची झडप खराब झालीय. डॉक्टर म्हणाले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी छाती उघडण्यात अर्थ नाही. मी चाळीस वर्षं नर्स म्हणून वार्डात काढली, त्यांच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं होतं. वर्ष मिळेल, फार तर दोन. रडत बसू नकोस, कामाचं बोल.

मला नवरा नाही, म्हणून सासरचं शेत नाही. आपल्यात मेलेल्याला जाळत नाहीत, मातीत बसवतात. आणि कुठं बसवायचं ते घरच्यांनी ठरवलेलं असतं. माझं अप्पाने ठरवलं. अव्वाला बोरवंडीच्या शेतात बसवलं तो दिवस तुला आठवत असेल. तिच्या डाव्या हातावर इष्टलिंग, सगळीकडं भस्म आणि बेलाची पानं. अप्पा खड्ड्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, "नीलू, उगवतीकडची जागा तुझी." पुढं अप्पा गेला तेव्हा तिरूला पूर होता, नदी ओलांडता आली नाही, म्हणून त्याला उदगिरातच बसवलं. अव्वा छत्तीस वर्षं एकटी बसलीय.

शहाण्णव साली तू शेत किशनरावला विकलंस. मी सही करताना एकच अट घातली होती, की समाधीची आणि तिच्या शेजारची जागा विकायची नाही. किशनरावने समाधीजवळच्या बेलाला हात लावून हो म्हटलं होतं. कागदावर काही नव्हतं, पण तो माणूस शब्दाचा होता.

मी पंचवीस वर्षांत तिकडं गेले नाही ही माझी चूक. तू दरवर्षी जातोस, नारळ फोडतोस आणि कळवतोस, त्यावर मी राहिले. आता तीन गोष्टी सांग. बेल जगलाय का? पुराचं पाणी तिथवर येतं का? उगवतीकडची जागा मोकळी आहे का? बातमी देतोस तशी उत्तरं दे, कुणी पक्कं केलं त्याच्या नावासकट.

अक्का

—

उदगीर, २७ नोव्हेंबर

ती. अक्का,
शरणु शरणार्थी.

उशीर झाला. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्या झडपेबद्दल लातूरला दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या. आधी एवढं तरी ऐक.

तू विचारलेलं: बेल जगला आहे, चांगला पसरला आहे. हे मी स्वतः पाहिलं. पाणी तिथवर येत नाही. तीन वर्षांपूर्वी मोठा पूर आला होता तेव्हाही आलं नाही, असं गावातल्या दोघांनी सांगितलं. जागेचं म्हणशील तर ती पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. काटेरी झुडपं नाहीत. लोक काळजी घेतात.

सध्या मी एका कामात अडकलो आहे. इथल्या व्यापाऱ्यांनी पर्यटन समिती काढली आहे. उदगीर आणि तिरूच्या खोऱ्यातली पाहण्यासारखी ठिकाणं, अशी पुस्तिका त्यांना हवी आहे. मजकूर माझ्याकडे दिला आहे. समितीचा सचिव रविकिरण दिवसाआड घरी येऊन "काका, कुठवर आलं?" असं विचारतो. वीस डिसेंबरला मजकूर गेलाच पाहिजे. त्यामुळे तुझं येणं संक्रांतीनंतर ठेवू.

तोवर तुला बाहेर पडावंसं वाटत असेल तर इस्लापूरला सहस्रकुंडचा धबधबा बघून ये. तुमच्याकडून सोयीचं आहे, आणि पैनगंगेला अजून धार असेल. शेजारच्या अंजूला गाडी येते ना? तिला घेऊन जा. कठड्याच्या पलीकडे जाऊ नकोस.

तुझा,
मल्लिनाथ

—

नांदेड, ४ डिसेंबर

चि. मल्लू,

तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं आली. तिसऱ्याचं शोधायला मीच गेले.

रविवारी अंजू गाडी घेऊन आली. म्हणाली, "मावशी, सहस्रकुंडाला ना?" मी म्हटलं, "न्हाई, जळकोटकडं घे." पूल धडधाकट आहे. फाट्यावरच्या चहावाल्याने सांगितलं की तो खणला होता मागच्या वर्षी. आणि तुझा शंकरप्पा जूनमध्येच निवृत्त झालाय, हे तुझ्याच दिवाळीच्या पत्रात होतं. खोटं बोलायचं तर आपली पत्रं तरी वाचत जा.

मी काय पाहिलं ते सांगते. रस्त्यावर कमान आहे, 'श्री बेलस्वामी महाराज समाधीस्थळ'. बेलाखाली पत्र्याचं मोठं शेड. अव्वाच्या दगडावर संगमरवरी चौथरा, त्याला लोखंडी कठडा आणि कठड्यावर पाटी: महाराज ब्रह्मचारी असल्याने महिलांनी वर चढू नये. चौथऱ्यावर भगवी शाल, आणि तिच्यापुढं बिड्यांची बंडलं. मी विचारलं, "हे कशाला?" तर रांगेतला एक जण म्हणाला, "महाराजांना बिडी लई आवडायची." आपल्या अव्वाला. जिने अप्पाला तंबाखूपायी आयुष्यभर ओसरीत जेवायला लावलं.

उगवतीकडच्या जागेवर चपलांचा स्टँड आहे. अंजूने तिच्या सँडल तिथंच ठेवल्या.

मी कठड्याला हात लावला तर तिथली व्यवस्था बघणारा माणूस धावत आला. चाळिशीतला, बोलायला गोड. किशनरावचा मुलगा, सुदर्शन.

"मावशी, तेवढं वर जाऊ नका. इथूनच दर्शन होतंय."

"का रे? कोण बसलंय वर?"

"महाराज हायत. लई जुनी समाधी."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? पेपरात आलं होतं." त्याने शेडच्या खांबाकडं बोट दाखवलं. तिथं चौकटीत एक कात्रण लावलेलं, पिवळं पडलेलं. मी चष्मा लावून वाचलं. खाली तुझं नाव होतं.

मी चष्मा काढून पिशवीत ठेवला. बोलले असते तर त्या रांगेतल्या लोकांनी मला वेडी ठरवलं असतं. कठड्याबाहेर एक म्हातारी फुलांच्या माळा ओवत बसली होती. तिने विचारलं, "कुणाच्या तुम्ही?" मी म्हटलं, "नांदेडच्या." तिने मला एक माळ दिली आणि पैसे घेतले नाहीत. ती माळ मी कठड्याला बांधली, अव्वाला पोचली नाही.

हे काय आहे ते तुझ्या हाताने लिहून पाठव.

नीलम्मा

—

उदगीर, ९ डिसेंबर

ती. अक्का,

तू नाव लिहून सही केलीस, म्हणजे राग किती आहे ते कळलं.

ऑगस्ट २००१. पुरवणीसाठी तिरूच्या खोऱ्यातली पाच ठिकाणं मागितली होती. पाकीट चारच्या लातूर बसच्या वाहकाकडे द्यायचं असायचं. साडेतीन वाजले तेव्हा चार ठिकाणं लिहून झाली होती, पाचवं सुचत नव्हतं. तेव्हा अव्वाची जागा डोळ्यांपुढे आली. नदीचं वळण, बेल, दगड. मला ती जागा खरंच सुंदर वाटते. पण 'आमच्या आईची समाधी' असं लिहिलं असतं तर उपसंपादकाने हसून काढून टाकलं असतं. म्हणून 'एका अज्ञात तपस्व्याची प्राचीन समाधी' असं लिहिलं. 'नवसाला पावतात, असं भाविक सांगतात' हेही लिहिलं. भाविक कुणी नव्हताच. बारा ओळी झाल्या. पाकीट गेलं. आणि मी ते विसरलो.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा दगडावर शेंदूर होता. त्याच्या पुढच्या वर्षी दोन नारळ. किशनराव वारला, सुदर्शन मोठा झाला, त्याने २००७ साली शेड घातलं. ब्रह्मचारी होते हे मी लिहिलेलं नाही, ते नंतर कुणीतरी जोडलं. बिड्याही माझ्या नाहीत. पण हे सांगून काय उपयोग.

मी दरवर्षी जातो हे खरं आहे. रांगेत उभा राहतो. मागचा माणूस ढकलतो, "चला काका, आवरा," म्हणतो, आणि मी आवरतो. एकदा मी पुटपुटत 'अव्वा' म्हटलं, तर शेजारच्याने विचारलं की हा कुठला मंत्र.

मी बोललो का नाही? गावात माझी एकच पत आहे. 'मल्लिनाथ पक्कं केल्याशिवाय देत नाही.' उसाच्या गाडीचा अपघात असो की बाजार समितीची निवडणूक, मी फोन ठेवून माणूस गाठायचो. मी एक महाराज घरबसल्या तयार केला हे कळलं तर त्या तीस वर्षांतलं काय उरतं, असा विचार करत राहिलो आणि वर्षं गेली.

आता पेच वाढला आहे. त्या पुस्तिकेत बेलस्वामींचा इतिहास मीच लिहावा असं समितीचं म्हणणं आहे. तो मजकूर जोडून जागेला पर्यटनस्थळाचा दर्जा मिळावा म्हणून प्रस्ताव जाणार आहे. एकदा तो मंजूर झाला की तिथे भक्तनिवास येईल, आणि मग कुणालाही बसवता येणार नाही. म्हणून मी तुला संक्रांतीनंतर ये म्हटलं. तोवर सगळं होऊन गेलं असतं आणि मला सांगता आलं असतं की माझ्या हातात काही नव्हतं.

सुदर्शन वाईट माणूस नाही. फुलवाले, नारळवाले, चहावाले धरून बारा घरं त्या शेडवर चालतात. अक्का, एक सुचवू का? इथल्या आपल्या स्मशानभूमीत अप्पाशेजारी जागा आहे. मी काल जाऊन पाहिली. सावली आहे.

मल्लिनाथ

—

नांदेड, १३ डिसेंबर

चि. मल्लू,

अप्पाशेजारी मी बसणार नाही. तो घोरायचा.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. राग तू लिहिलंस त्याचा नाही. साडेतीन वाजले होते आणि तुला अव्वा आठवली, याचा मला राग येत नाही. तू तेवीस वर्षं रांगेत उभा राहिलास आणि मला 'नारळ फोडला' एवढंच कळवत राहिलास, त्याचा आहे. आणि स्मशानात जाऊन माझी जागा परस्पर बघून आलास, त्याचा. सावली आहे म्हणे.

मला शेड पाडायचं नाही. लोकांनी यावं. अव्वा कुणाला रिकाम्या हाताने जाऊ द्यायची नाही. बाळंतिणी, सासुरवाशिणी, ताप आलेली लेकरं घेऊन बाया तिच्याकडं येतच होत्या. आता पुरुषांनी नमस्कार केला तर तिचं काय जातंय? पण ती कोण आहे ते त्यांना कळू दे. आणि बायकांना तिच्यापाशी जाऊ दे. ज्या बाईने गावातली निम्मी लेकरं हातावर घेतली, तिच्याजवळ बाईने जायचं नाही, हे मी जिवंत असेपर्यंत चालणार नाही.

तू बारा ओळीच लिहायच्या. त्याच पुस्तिकेत, पाचवं ठिकाण म्हणून. आधी सुदर्शनच्या तोंडावर जाऊन सांगायचं, मग छापायला द्यायचं. त्याला ते छापलेलं वाचून कळलं, तर तू पुन्हा तेच केलंस.

तुझी पत जाईल म्हणतोस. जाऊ दे. तू अडुसष्ट वर्षांचा आहेस, तिचं तुला आता काय लोणचं घालायचंय?

मी बावीस तारखेला, रविवारी येते. अंजूला त्या रविवारी सुट्टी नाही, म्हणून बसने.

अक्का

—

उदगीर, १७ डिसेंबर

ती. अक्का,
शरणु शरणार्थी.

पुस्तिकेचा मजकूर आज दुपारी समितीकडे गेला. मिळाल्याचं रविकिरणने लेखी दिलं आहे. पाचव्या ठिकाणच्या ओळी त्याने माझ्यासमोर दोनदा वाचल्या आणि विचारलं, "काका, हे असंच जाऊ द्यायचं?" मी म्हटलं, असंच. तो म्हणाला, "प्रस्ताव बोंबलला मग." जाताना मात्र त्याने चपला घालता घालता वळून विचारलं, "तुमच्या आई दिसायला कशा होत्या?"

ओळी अशा आहेत: "बोरवंडी येथे तिरूच्या वळणावर एका बेलाखाली समाधी आहे. ती अंबव्वा या शेतकरी बाईची आहे. त्या १९८८ साली वारल्या आणि लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना स्वतःच्या शेतात बसवण्यात आलं. त्या गावच्या सुईण होत्या. ही समाधी अज्ञात तपस्व्याची असल्याचं प्रस्तुत लेखकाने २००१ साली छापलं होतं. ते खरं नव्हतं, आणि लेखकाला ते माहीत होतं, कारण अंबव्वा त्याच्या आई होत. तिथे आज अनेक लोक श्रद्धेने येतात. नदीचं वळण सकाळच्या उन्हात पाहण्यासारखं असतं. बस फाट्यावर थांबते. पूल चांगल्या स्थितीत आहे." दहाच झाल्या. अकरावी आणि बारावी सुचली नाही.

त्याआधी, रविवारी, मी सुदर्शनकडे गेलो होतो. तो शेडमध्ये पाणी मारत होता. मी खांबावरच्या कात्रणापाशी उभं राहून सगळं सांगितलं. आधी तो हसला. "काका, थट्टा करायलात का?" मी हसत नाही हे पाहिल्यावर त्याने पाइप खाली ठेवला. पाणी नुसतं वाहत होतं.

मग म्हणाला, "म्हणजे सतरा वर्षं मी तुमच्या आईला बिडी पाजत राहिलो?"

मी जाऊन नळ बंद केला.

"आन् तुम्ही रांगेत हुबं राहून बघत होता?"

"हो."

"तुम्ही कशाचे पेपरवाले हो," असं म्हणाला. आणि पाइप गुंडाळू लागला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात माळा ओवणारी म्हातारी उठून आत आली. तुला माळ दिली तीच. केवळाबाई, किशनरावची बायको, सुदर्शनची आई. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय की. माझ्या ह्याच लेकाची नाळ अंबव्वानं कापली. म्या कितींदा सांगितलं, अरं ही बाई हाय. तर हा म्हनतो, पेपरात काय खोटं येतंय का? पेपरापुढं माझं कोन ऐकतंय." मग माझ्याकडे वळली. "तुमच्या अक्का आल्या व्हत्या ना? म्या वळखलं. कपाळ आईचं हाय."

अक्का, गावातल्या जुन्या माणसांना सगळं ठाऊक होतं. माझ्या बारा ओळींनी त्यांची तोंडं बंद केली. हे मला रविवारपर्यंत कळलं नव्हतं. मी आपली पत जपत बसलो होतो.

उगवतीकडच्या जागेचं विचारलं. सुदर्शन म्हणाला, "बापानं शब्द दिला आसंल तर जागा तुमची. चपलांचा स्टँड एका दिवसात हलतो. पण बाकीचं माझ्या एकट्याचं न्हाई. बारा घरं हायत. गाव म्हनंल ते."

त्याने बिड्यांची बंडलं त्याच दिवशी उचलली. कठड्यावरची पाटी अजून आहे.

रविवारी, बावीसला, सकाळी अकरा वाजता शेडमध्येच गाव बसणार आहे. सरपंच येतो म्हणाला आहे. नारळवाले विरोधात आहेत. महाराजाला नवस बोललेले लोक सुईणीला नारळ फोडतील का, असं त्यांचं म्हणणं. तरुण पोरांपैकी काहींनी मला गावात पाय ठेवू देणार नाही असं सांगून पाठवलं आहे. केवळाबाई म्हणते की सभा सुरू व्हायच्या आधी ती कठड्याची कडी काढून वर चढणार, आणि तिच्यामागे चार जणी. सुदर्शन म्हणतो, आई चढणार नाही. ती चढेल असं मला वाटतं, पण खात्रीने सांगता येत नाही.

तू सकाळी लवकरची बस धर आणि फाट्यावर उतर. मी तिथे रिक्षा घेऊन उभा असेन. बोलायचं मी, तू फक्त बसायचं. पण तू गप्प बसशील यावर माझा भरवसा नाही, तेव्हा बोलायचंच असलं तर श्वास घेत बोल. गावाने हो म्हटलं तर त्याच दिवशी जागेला चार दगड रोवून घेऊ. नाही म्हटलं तर दोघं कठड्याबाहेर सतरंजी टाकून बसू. ते उठवतील, आपण पुढच्या रविवारी परत जाऊ. शाल आण, नदीवरून वारं सुटतं.

तुझा,
मल्लू